चार लूमांच्या मधलं शिंपण

मे १९९७, दुसरा रविवार, सकाळची वेळ. ठिकाण – भिवंडी, आमचं राहतं घर, मागची खोली. हजर – मी वसुधा, शाळेच्या ऑफिसात क्लार्क, तेव्हा वय त्रेचाळीस; माझे वडील अण्णा; भावजय शैला; आणि एसीचं काम करणारे सलीमभाई. गैरहजर – माझा धाकटा भाऊ सुरेश, तो मस्कतला नोकरीला. शैलाची मुलं, ती सुट्टीत आजोळी कल्याणला. आणि आई. आईला जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. तिचं नाव इथे का, ते पुढे येईलच.

शाळेतल्या मीटिंगची टिपणं मीच लिहिते, त्यामुळे हात असाच चालतो. माफ करा.

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि, खरं सांगू, वाचून हसते. पांढरी साडी, पिंपळ, मागून हाक... माझे दोनच प्रश्न असतात – उजेड होता का, आणि तुमच्याशिवाय कोणी पाहिलं का? म्हणून माझ्याबद्दल आधीच सांगते. उजेड भरपूर होता, भर दुपार होती, आणि मी एकटीने पाहिलेलं नाही. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. पण जे झालं ते झालं, आणि त्यातलं एक काम माझ्याकडून अजून राहिलं आहे.

आधी खोलीबद्दल सांगते, कारण खोली कळली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला अण्णांचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. भिवंडीत घरटी लूम असायचे तसेच. दोन या भिंतीला, दोन त्या भिंतीला, मधे चालायला वाट. तीन बाजूंना शेजाऱ्यांचे लूमचे कारखाने, त्यामुळे खिडकी नाही, दिवसाही ट्यूबलाइट चालू. दार एकच, आमच्या स्वयंपाकघरात उघडणारं. आई दिवसभर घरात बसून कांड्या भरायची – धोट्यात बसवायची सुताची कांडी – आणि उन्हाळ्यात रोज दुपारी लूमच्या मधल्या वाटांवर पाणी शिंपायची. हवा कोरडी झाली की सूत तटातट तुटतं, जमीन ओली ठेवली की धागा नरम राहतो. हातात पत्र्याची बादली, वाकून ओंजळीने मारलेलं पाणी. लूमवर थेंब पडता कामा नये, नाहीतर लोखंड गंजतं आणि कापडावर डाग येतो. हे काम ती इतक्या सफाईने करायची की लूमखालची जमीन कोरडी आणि बाजूची ओली, जशी काही आखून दिली आहे.

मग एका वर्षात दोन गोष्टी झाल्या. धंदा परवडेना म्हणून अण्णांनी लूम भंगारात काढले. आणि आईला अर्धांगाचा झटका आला, त्यात तिची वाचा गेली. काही महिने ती तशीच पडून होती. मग गेली.

अण्णांनी त्यानंतर तीच खोली स्वतःला मागून घेतली. आम्ही शहाबादी फरशी घातली, भिंती रंगवल्या, खाट टाकली. पण अण्णांचा दमा वाढत चालला होता. शेजारच्या लूमची पूस, म्हणजे सुताचे उडणारे बारीक तंतू, हवेत असतेच, कितीही फटी बुजवा. डॉक्टर म्हणाले, बंद खोली आणि थंड हवा, नाहीतर उन्हाळा कठीण आहे. सुरेश एप्रिलमध्ये सुट्टीवर आला आणि एसी बसवून गेला. दोन तुकड्यांचा, बाहेरचा भाग गच्चीवर, आतला भिंतीवर, तांब्याच्या नळ्या स्लॅबमधल्या भोकातून वर.

एसीचं पाणी जायला मात्र वाट नव्हती. एसी चालला की पाणी सुटतं, ते नळीने उताराने बाहेर सोडायचं असतं. आमच्या खोलीला बाहेर अशी बाजूच नाही! नळी स्वयंपाकघरातून ओट्यावरून नेणं मला पटेना. म्हणून तात्पुरती सोय म्हणून नळीखाली बादली. प्लॅस्टिकची चिरली होती, म्हणून मी माळ्यावरून पत्र्याची जुनी काढली. ती भरली की ओतायची. कोणी, कधी, याचा तक्ता मी स्वयंपाकघरात लावला. हसू नका, त्याशिवाय घर चालत नाही.

एप्रिलच्या शेवटी कधीतरी मी ऑफिसातून दुपारी घरी आले. उन्हाळ्यात अर्धा दिवसच ऑफिस. अण्णा पडून होते, बादली रिकामी, आणि फरशी ओली.

“शैला, बादली तू ओतलीस का?”

“नाही हो ताई. माझी पाळी चारची. तक्ता तुमचा आहे, तुम्हालाच पाठ नाही?”

“मग फरशी कशी ओली?”

“सांडली असेल अण्णांच्या हातून.”

अण्णांना पाच पावलं चालून स्वयंपाकघरातल्या मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागायची. भरलेली बादली ते उचलतील हे शक्य नव्हतं. मी त्यांना विचारलं. अण्णांना लूममुळे ऐकू कमी यायचं, समोरच्याच्या ओठांकडे बघून ते बोलणं समजून घ्यायचे. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, “गारवा बरा वाटतो.” बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, नळी गळते. मग नीट वाकून बघितलं.

शहाबादी फरशी ओली झाली की काळी दिसते, कोरडी असली की राखाडी. खोलीत चार राखाडी चौकोन होते. लांबट, दोन या भिंतीला, दोन त्या भिंतीला. मधली वाट काळी. पाणी वाहून आलेलं नव्हतं. कडेकडेने थेंब होते, शिंपल्यावर उडतात तसे. अण्णांची खाट आता जिथे आहे तिथे पूर्वी वाट होती – खाटेखाली ओलं होतं. खाटेच्या पलीकडे, जिथे आज काहीच नाही, मोकळी फरशी, तिथे कोरडं. मी शैलाला हाक मारून दाखवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा लूम चालू होते. तिने बघितलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “ताई, हे तर आपले लूम...”

मी पुढचं काम केलं. मुद्दाम एक तांब्या पाणी नळीखाली ओतून बघितलं. पाणी सरळ दाराकडे वाहत गेलं, कारण उतार तिकडे आहे. म्हणजे गळती नाही. मग कोण? शैला? गुडघेदुखीमुळे ती खाटेखाली वाकू शकत नाही. अण्णा? शक्य नाही. दार स्वयंपाकघरातच उघडतं, आणि तिथे शैला बसलेली.

मला उत्तर सापडलं नाही, पण उपाय सापडला. माझं असं आहे – कारण कळलं नाही तरी चालतं, काम थांबायला नको. फरशी ओली राहिली तर अण्णा घसरतील, ओल दम्याला वाईट. बादलीच नसली तर पाणीच नसेल. सुरेशला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, इकडे अशा पाण्यासाठी छोटा पंप मिळतो, एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतो. आठवड्याभरात पांढरा डबा हातात आला. आत एक तरंगता गोळा असतो. पाणी साठलं की गोळा वर येतो, मोटर सुरू होते, पाणी बारीक नळीने वर चढतं, गोळा खाली बसला की मोटर बंद. मला तो पंप इतका आवडला की सांगता येत नाही. माझ्यासारखाच होता – काम दिसलं की करायचं, झालं की गप्प.

पंप बसवायच्या आधीच्या शुक्रवारी मी घरी आले, कडी वाजवली, आत गेले, तर अण्णा खाटेवर उठून बसलेले. चेहरा कसा तरी... उजळलेला म्हणू का?

“वसू, तू आता काही बोललीस?”

“आत्ताच तर आले, अण्णा. का?”

“काही न्हाय.”

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. एरवी चोवीस तास तो खडखडाट चालू, आणि शुक्रवारी एकदम गावच शांत. बाहेरचा माणूस त्या शांततेत घाबरतो. मला वाटलं, शांततेत अण्णांच्या कानात काहीतरी वाजलं असेल.

आता तो रविवार.

सलीमभाईंनी पंप उलटापालटा करून बघितला. “बाई, इसका नाम सुना था. हाथ में आज पहली बार लिया.”

“लावता येईल ना पण?”

“लगाएगा ना! पानी को ऊपरही तो भेजना है. पर देखो कमाल – इधर नल का पानी पहले माले पे नहीं चढ़ता, और आपके एसी का पानी छत पे जाएगा. पानी की भी तकदीर होती है.”

शैला चहा घेऊन आली होती. म्हणाली, “चढेल हो. आमच्या ताईंनी सांगितलंय म्हटल्यावर पाण्याची काय बिशाद आहे न चढायची!”

सगळे हसले. अण्णा सोडून. ते खाटेवरून म्हणाले, “सलीम, आज राहू दे. शुक्रवार होऊ दे.”

“चाचा, जुम्मे को मैं काम को हाथ नहीं लगाता.”

“शुक्रवारी नकोच. शुक्रवार होऊन जाऊ दे. मग लाव.”

मी मधे पडले. “अण्णा, सलीमभाई मंगळवारी गावाला चालले आहेत, लग्नाला. मग महिनाभर नाहीत. आणि ओल्या फरशीवर पाय घसरला तर? तुमची छाती आधीच...”

अण्णा माझ्या ओठांकडे बघत राहिले. पूर्ण वाक्य संपू दिलं. मग म्हणाले, “बरं. तुझं चालू दे.”

दोन तासांत काम झालं. भिंतीत ड्रिल मारून डबा पक्का बसवला, जुनी नळी कापून त्यात घट्ट डकवली, बारीक नळी स्लॅबमधून गच्चीवर. पंप घुर्र करून सुरू झाला, पाणी ओढलं, बंद झाला. गच्चीच्या पन्हळीतून थेंब पडलेले मी स्वतः बघितले. तक्ता काढून टाकला. बादली मोरीत ठेवली.

सोमवारी दुपारी घरी आले तर बादली एसीखाली.

“शैला, ही परत इथे कशाला?”

“मी नाही ठेवली.”

मोरीत ठेवली. मंगळवारी परत एसीखाली. आत टिपूस नाही, फरशी कोरडी ठक्क. बुधवारी मी ती माळ्यावर चढवली, शिडी लावून, आणि शिडी अंगणात नेऊन ठेवली. गुरुवारी दुपारी ती एसीखाली होती. शैला म्हणाली, “ताई, आता मला विचारू नका. मला भीती वाटते.” मला भीती नाही वाटली. मला राग आला होता. कोणीतरी माझं झालेलं काम उसवत होतं.

शुक्रवारी मी रजा टाकली. बघायचंच होतं.

अण्णांनी सकाळी न्हाव्याला बोलावून दाढी करून घेतली. धुतलेला सदरा घातला. जेवण झाल्यावर खाटेच्या कडेला पाय सोडून बसले. मला म्हणाले, “वसू, तो पंप जरा बंद कर.”

“पंप बंद केला तर डबा भरून सांडेल, अण्णा. मग एसीही बंद करावा लागेल.”

“मग तोही कर.”

“आणि दम लागला तर?”

पंप मी चालूच ठेवला. मी स्वयंपाकघरात दारापाशी बसले, गहू निवडत. बाहेर लूम बंद. नळाचा थेंब ऐकू येईल एवढी शांतता. मी ताटात खाली बघितलं असेन, थोडा वेळ. वर बघितलं तेव्हा बादली एसीखाली होती. कोणी आणली, मी पाहिलं नाही. दारातून कोणी गेलं नाही, कारण दारात मी होते.

अण्णा बादलीकडे बघत होते. वाट बघणाऱ्या माणसाचं सगळं अंग कसं पुढे झुकतं, तसे. मग भिंतीवर पंप घुर्र झाला, आपलं पाणी ओढून घेतलं, आणि थांबला. बादली कोरडीच.

थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, “गेली.”

मी आत गेले, त्यांच्याजवळ खाटेवर बसले. काय गेलं ते विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

“तुझी आई रोज शिंपायला यायची. शिंपता शिंपता माझ्याशी काय तरी बोलायची. रोज. खडखडाटात मला काय ऐकू येतंय? मी आपली मान हलवायचो. हो, हो.”

“पण तुम्ही तर ओठांवरून ओळखता, अण्णा.”

“ते आता. तेव्हा नजर धाग्यावर. चार लूम एकट्याने बघायचे, तिच्या तोंडाकडे बघायला फुरसत कुणाला होती? म्हटलं, लूम थांबले की विचारू. लूम थांबले, तर तिचं तोंड बंद झालेलं.” मग बादलीकडे बघून म्हणाले, “गेल्या शुक्रवारी ऐकू आलं. याच वेळेला. ‘अवो, आयकलंत का?’ एवढंच.”

आई गणेशपुरीकडची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून जन्मभर तिने अण्णांना याच शब्दांनी हाक मारली. अवो, आयकलंत का.

“मी बोललो, आयकतो, बोल. तेवढ्यात तू कडी वाजवलीस.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच मला सहन झालं नाही. “म्हटलं, पुढच्या शुक्रवारी पुढचं सांगेल. पण आता पाणीच न्हाय. पाणी न्हाय तर ती कशाला थांबेल? कामाची बाई होती ती. उगाच बसायची न्हाय कुठे.”

पंप काढायचा, मी लगेच ठरवलं. पण नळी कापलेली, डबा डकवलेला, आणि सलीमभाई गावाला. दुसरा माणूस शोधला. त्याने असा पंप पाहिलाच नव्हता, एसी बिघडेल म्हणून हात लावेना. एसी बंद करून ठेवावा, तर अण्णांना तासाभरात धाप लागली. मग पुढच्या शुक्रवारी मी माझ्या बुद्धीने उपाय केला – बादली नळाखाली भरली आणि एसीखाली नेऊन ठेवली. संध्याकाळपर्यंत पाणी काठोकाठ, तसंच.

अण्णा हसले. “तू भरून ठेवलीस. तिने बघितलं असेल, पोरगी कामाला लागली. मग ती कशाला हात लावेल?”

“मग मी शिंपू का, अण्णा?”

“शिंप.”

मी पदर खोचला, वाकले, ओंजळीने पाणी मारलं. किती सोपं वाटत होतं. मधली वाट झाली, खाटेखाली हात घातला, कडेने सरकले. अण्णा खाटेवरून बघत होते, आणि एकदम त्या आजारी माणसाला एवढं हसू आलं की धाप लागली.

“अगं पोरी... लूमवर पाणी घातलंस!”

आम्ही दोघं खूप हसलो. मोकळेपणी हसण्याची ती त्यांची माझी शेवटची वेळ.

जूनमध्ये पाऊस लागला, हवा गार झाली, एसी बंद केला. आषाढात अण्णा गेले. शेवटच्या दिवशी ते माझ्या ओठांकडे बघत होते आणि मला काय बोलावं सुचलं नाही. एवढी टिपणं लिहिणारी बाई मी.

सलीमभाईंचा गावाकडचा मुक्काम लांबला होता; आल्यावर भेटायला आले. बसले, डोळे पुसले, जाताना भिंतीकडे बघून म्हणाले, “बाई, चाचा बोले थे ना, पंप अभी मत लगाओ. निकाल दूँ?”

मी म्हटलं, “राहू द्या. बघू.”

आता दोन वर्षं झाली. मी सगळी कारणं तपासली आहेत. शैला झोपेत चालत नाही, दुपारी तर नाहीच. ओल जमिनीतून वर आली म्हणावं, तर आमच्या जमिनीला चार लूम कुठे होते ते आठवायचं कारण काय? अण्णांना भास झाला हे मी एका क्षणात मान्य करेन. पण फरशी मी पाहिली, शैलाने पाहिली, आणि शिडी अंगणात असताना माळ्यावरून बादली खाली आली. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वाचकांपैकी कोणाकडे असेल तर जरूर कळवावं, मी मोकळ्या मनाने वाचेन. आणि तरीही खरं सांगते, बादलीचं कोडं मला फार सलत नाही. ती रोज काय बोलायची, हे सलतं. कदाचित “जेवायला या” एवढंच असेल. कदाचित सुताचा भाव. ते ऐकायला एक माणूस साफ दाढी करून बसला होता, आणि मी त्याची फरशी कोरडी करून दिली.

तो पंप अजून भिंतीवर आहे. उन्हाळ्यात शैलाची मुलं त्या खोलीत अभ्यास करतात, घुर्र आवाज आला की मान वर करत नाहीत. काम किरकोळ आहे. सलीमभाईंना बोलवायचं, चार स्क्रू काढायचे, डबा उतरवायचा, जुनी नळी जोडून खाली सोडायची. माळ्यावरची पत्र्याची बादली काढून नळीखाली ठेवायची. शुक्रवार बघायचा, दुपारची वेळ. मुलांना बाहेर पाठवायचं.

मग कोणीतरी त्या खाटेच्या कडेला बसायला हवं. मी बसू शकते. पण ती हाक माझ्यासाठी नव्हती, आणि समजा ऐकू आलीच, तर “आयकतो, बोल” म्हणणारा आता तिथे कोणी नाही. मला काय म्हणायचं ते ठरत नाही.

शैला दर शुक्रवारी विचारते, “ताई, आज काढायचा का?”

मी म्हणते, या आठवड्यात नको.

पंप काढायचा राहिला आहे.